दमेकऱ्याचा हरवलेला आवाज

खर्डा हे नाव निघाले की शाळेत इतिहास शिकलेल्या प्रत्येकाला १७९५ सालची लढाई आठवते. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात निजामाच्या फौजेला तेथे हार पत्करावी लागली. पेशव्यांच्या निशाणाखाली मराठे सरदार एकदिलाने एकत्र आले ते त्या रणात शेवटचे, असे इतिहासकार सांगत आले आहेत. जामखेड तालुक्यातले, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेनजीकचे हे बाजारपेठेचे गाव. त्याचा किल्ला आणि त्याची लढाई यांपलीकडे त्याचा उल्लेख अग्रलेखाच्या पानावर क्वचितच येतो. आज आम्ही या गावाचे नाव घेत आहोत ते मात्र दुसऱ्या कारणासाठी. खर्ड्यात आणि महाराष्ट्रातील खर्ड्यासारख्या असंख्य गावांत अशी माणसे आहेत, की ज्यांची छाती वर्षानुवर्षे दुखणाईत आहे आणि जी त्या दुखण्यापायी हळूहळू बोलेनाशी झाली आहेत. त्यांच्या धापेची नोंद केसपेपरवर होते. त्यांच्या आवाजाची नोंद मात्र कोठेच होत नाही.

खेड्यातले जगणे हे बऱ्याच अंशी आवाजावर चालते. बांधावरून बांधावर हाक घालावी लागते, बाजारात भाव मोठ्याने करावा लागतो, गोठ्यातल्या जनावराला दटवावे लागते, अंगणात खेळणाऱ्या नातवंडाला बोलावावे लागते. शिक्षकाचा तर सारा व्यवसायच घशावर उभा आहे आणि कचेरीतल्या कारकुनाला दिवसभर खिडकीपलीकडच्या माणसांशी बोलावे लागते. अशा ठिकाणी दम्याचा किंवा फुफ्फुसाच्या जुनाट विकाराचा रोगी आधी हाक मारणे सोडतो, मग दूरध्वनी टाळू लागतो, मग चार माणसांत तोंड उघडेनासा होतो. घरात तो काही सांगू पाहतो तेव्हा "काय म्हणालात?" असा प्रश्न येतो. तो पुन्हा सांगतो. पुन्हा तोच प्रश्न आला की तो "काही नाही" म्हणतो आणि भिंतीकडे तोंड करतो. पुढे पुढे घरातले निर्णय त्याला न विचारता होऊ लागतात. त्यात कोणाचा दुष्टावा असतो असे नाही. ज्याचे बोलणे ऐकू येत नाही त्याला मतही नसावे, असे माणसे नकळत धरून चालतात, एवढेच. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बाईची स्थिती याहून कठीण. तिने हळू बोलावे अशीच घराची अपेक्षा असल्याने तिचा आवाज गेला हे कित्येकदा कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ही काही थोड्यांची अडचण नव्हे. 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ज्याला डॉक्टर 'सीओपीडी' म्हणतात त्या श्वासनलिकांच्या जुनाट अवरोधाचे भारतातील रोगी १९९० साली सुमारे २ कोटी ८१ लाख होते. २०१६ साली ते सुमारे ५ कोटी ५३ लाख झाले. त्याच वर्षी दम्याचे रोगी सुमारे ३ कोटी ७९ लाख होते. विडी-सिगारेट हे यामागचे एक मोठे कारण असले तरी ते एकटेच नाही. चुलीत जळणारी लाकडे व गोवऱ्या, रस्त्यावरची आणि कामावरची धूळ, बरा झालेला पण फुफ्फुसावर व्रण ठेवून गेलेला क्षय, ही कारणेही आपल्याकडे तितकीच महत्त्वाची आहेत. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरांत गॅसची शेगडी पोहोचली, हे मान्य करायलाच हवे. परंतु सिलिंडर परवडेनासा झाला की चूल पुन्हा पेटते आणि आधीच्या तीस वर्षांचा धूर छातीतून परत जात नाही.

आता या विकारांचा आवाजाशी संबंध काय, हे पाहणे अवश्य आहे. आवाज घशात निर्माण होतो हे खरे, पण तो चालतो छातीतल्या हवेवर. फुफ्फुसातून बाहेर पडणाऱ्या श्वासाने स्वरयंत्रातील दोन नाजूक स्वरतंतू थरथरतात. पुरुषांत सेकंदाला शंभराहून अधिक वेळा, स्त्रियांत सुमारे दोनशे वेळा. बाजाची पेटी कितीही सुरेल असली तरी भाता फाटका असेल तर सूर टिकत नाही. तसेच हे आहे. निरोगी माणूस बोलताना झटकन श्वास घेतो आणि तो सावकाश, हिशेबाने सोडत वाक्य पुरे करतो. जुनाट विकारात हवा आत कोंडून राहते, बाहेर पडताना जोर धरत नाही आणि वाक्याच्या मध्यावरच श्वास संपतो. त्यात खोकल्याची भर पडते. खोकल्याच्या प्रत्येक उबळीत आणि घसा खाकरण्याच्या प्रत्येक खेपेस स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. ते सुजतात, आवाज घोगरा होतो, घशात काही अडकल्यासारखे वाटते आणि रोगी पुन्हा खाकरतो. काही औषधांनी तोंड कोरडे पडते, नळीवाटे घेतलेल्या प्राणवायूने नाक व घसा सुकतो, आम्लपित्त घशापर्यंत चढले तर तेही स्वरतंतूंना पोळते. अशा रीतीने एका आजाराच्या पोटी दुसरा वाढीस लागतो.

आणखी एक कारण आहे आणि ते नाजूक आहे. दम्यात व काही सीओपीडीच्या रोग्यांत स्टेरॉईडयुक्त इनहेलर, ज्याला लोक 'पंप' म्हणतात, तो फार उपयोगी ठरतो. त्याने जीव वाचतात. परंतु त्यातील औषधाचा बराच भाग फुफ्फुसात न जाता घशात बसतो. त्यामुळे काहींचा आवाज बसतो, तर काहींच्या तोंडात पांढरी बुरशी धरते. हे टाळण्याचे उपाय अगदी साधे आहेत. पंप फवाऱ्याचा असेल तर तो थेट तोंडात न मारता 'स्पेसर' नावाच्या पोकळ नळकांड्यातून घ्यावा, म्हणजे घशात बसणारे औषध पुष्कळ कमी होते. आणि पंप कोणताही असो, तो घेतल्यावर दर वेळी पाण्याने खळखळून चूळ भरावी, गुळण्या कराव्यात आणि ते पाणी थुंकून टाकावे. दात घासण्याआधी पंप घेण्याची सवय लावली तर हे आपोआप घडते. इतके करूनही आवाज सुधारला नाही तर डॉक्टर औषध किंवा त्याची मात्रा बदलू शकतात. मात्र रोग्याने आपल्या मनाने पंप बंद करणे हे धोक्याचे आहे.

येथेच एका आक्षेपाचे उत्तर देणे इष्ट ठरेल. दवाखान्याबाहेर रोग्यांची रांग लागलेली असते. डॉक्टरने आधी श्वास पाहावा की आवाज, असे कोणी विचारील. श्वास आधी, याविषयी दुमत नाही. परंतु आवाजाची हेळसांड झाली की श्वासाचीही होते, हे लक्षात घेतले पाहिजे. पंपाने घसा बसतो असे अनुभवाला आले आणि त्यावर उपाय आहे हे कोणी सांगितले नाही, तर रोगी पंप कोनाड्यात ठेवून देतो. आधीच 'पंपाची सवय लागते' अशी भीती गावोगाव आहे. तिला हा पुरावा मिळतो. मग एका थंडीच्या रात्री दम उसळतो आणि त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवावे लागते. चूळ भरण्याविषयीचे दोन मिनिटांचे बोलणे वाचवून आपण हा खर्च ओढवून घेतो.

बसलेला प्रत्येक आवाज पंपाच्या किंवा खोकल्याच्या माथी मारणे मात्र योग्य नाही. स्वरतंतू हलवणारी डाव्या बाजूची मज्जा छातीत उतरून महारोहिणीला वळसा घालून पुन्हा घशाकडे चढते. त्यामुळे फुफ्फुसातील गाठ किंवा छातीतील सुजलेल्या ग्रंथी तिच्यावर दाब आणू शकतात आणि आवाज जाणे हेच त्या रोगाचे पहिले लक्षण ठरू शकते. क्षयरोग स्वरयंत्रातही शिरतो. म्हणून तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घेतलेच पाहिजे; तंबाखूची सवय असलेल्याने तर एक दिवसही पुढे ढकलू नये. थुंकीत रक्त दिसणे, गिळताना त्रास होणे, वजन उतरणे ही चिन्हे दिसली तर तीन आठवडे थांबण्याचेही कारण नाही. श्वास आत घेताना घशातून शिटीसारखा आवाज येऊन जीव घाबरा झाला तर ती तातडीची वेळ समजावी. क्षयाची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात, हे येथे पुन्हा सांगणे अनाठायी होणार नाही.

फुफ्फुस गेल्यावर आवाजाचे काय करावे, याचे मराठी रसिकांना ठाऊक असलेले सर्वांत मोठे उदाहरण कुमार गंधर्वांचे आहे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेला, मुंबईत प्रा. बा. र. देवधरांकडे शिकलेला आणि बालवयातच मैफली गाजवणारा हा गायक ऐन उमेदीत क्षयाने आजारी पडला. १९४८ सालच्या जानेवारीत कोरड्या हवेसाठी ते माळव्यात देवासला गेले. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले होते आणि गाणे तर सोडाच, बोलण्यावरही बंधने आली होती. सुमारे पाच वर्षे ते गायले नाहीत. पत्नी भानुमतींची शुश्रूषा आणि त्या काळी नवे असलेले स्ट्रेप्टोमायसीन यांच्या बळावर ते उठले आणि १९५३ साली पुन्हा गाऊ लागले. अंथरुणावर पडल्यापडल्या खिडकीतून कानी आलेली माळव्याची लोकगीते पुढे त्यांच्या गाण्यात उतरली. त्यानंतर जवळजवळ चार दशके, १९९२ साली देवासलाच त्यांचे निधन होईपर्यंत, त्यांनी हिंदुस्थानी संगीतावर आपला ठसा उमटवला.

त्यांच्या गाण्यातील लहान, तीव्र, तुटक वाटणाऱ्या स्वरवाक्यांचा संबंध जाणकार त्यांच्या फुफ्फुसाशी जोडतात. तो जोडताना त्यांच्या प्रतिभेचे श्रेय आजाराला देण्याची चूक करू नये. लाखो क्षयरोगी होऊन गेले, कुमार एकच झाले. सामान्य रोग्याने या उदाहरणातून चमत्कार घेऊ नये, पद्धत घ्यावी. त्यांनी आपला पहिला आवाज हट्टाने परत मागितला नाही. हाती उरलेल्या श्वासात काय बसते हे त्यांनी पाहिले आणि त्या मापाचे गाणे उभे केले. खर्ड्याच्या दमेकऱ्याला ख्याल गायचा नाही. त्याला सुनेला औषधाची वेळ सांगायची आहे आणि नातवाला पाढे म्हणवून घ्यायचे आहेत. पण उरलेल्या श्वासाच्या मापाने बोलणे बेतायचे, हे तत्त्व दोघांनाही सारखेच लागू पडते.

जामखेडचा मुलूख अवर्षणाचा. हंड्यातले पाणी रात्रीपर्यंत कसे पुरवावे हे तेथील बाईला शिकवावे लागत नाही. श्वासाची काटकसर त्याच जातीची आहे. चालताना, जिना चढताना किंवा ओझे उचलताना बोलू नये. थांबावे, बसावे, मग बोलावे. पाठ ताठ ठेवून, खांदे सैल सोडून नाकाने श्वास घ्यावा आणि श्वास सुटू लागताच बोलायला आरंभ करावा. चार-पाच शब्दांचे वाक्य पुरे करून थांबावे. धाप लागलीच तर ओठांचा चंबू करून, शीळ घालताना करतो तसा, श्वास सावकाश सोडावा. घसा खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्यावा. डॉक्टरने पाण्यावर मर्यादा घातली असेल तर ती पाळून. आवाज बसला म्हणून घशावर ताण देऊन कुजबुजू नये, त्यानेही स्वरतंतू शिणतात. एक तर हलक्या, सहज आवाजात बोलावे किंवा गप्प राहावे. महत्त्वाचे बोलणे ज्या वेळी श्वास मोकळा असतो त्या वेळेसाठी राखावे. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला हाक मारण्यापेक्षा हाताशी लहानशी घंटा ठेवावी. आपले नाव, पत्ता, आजार, औषधे आणि जवळच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद उशाशी व खिशात असावा. कारण ज्या क्षणी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावायची, नेमका त्याच क्षणी शब्द फुटत नाही.

बोलणे ज्याला जड जाते त्याने लेखणीचा आसरा घेण्यात कमीपणा मानू नये. गोपाळ गणेश आगरकर दम्याने जर्जर होते. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळत असतानाच, १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही न गाठता ते गेले. १८८८ साली त्यांनी काढलेल्या 'सुधारक'मधील लेखणीला मात्र कधी धाप लागली नाही. आज तर मोबाईलवर दोन ओळी लिहून पाठवणे शाळकरी पोरालाही जमते. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्यासाठी घरच्यांनी खुणा ठरवाव्यात: टेबलावर एक टिचकी म्हणजे पाणी, दोन म्हणजे पंप. यात हसण्यासारखे काही नाही.

परंतु सारी काटकसर रोग्यानेच करावी हा न्याय नव्हे. बोलण्याला दोन बाजू असतात आणि ऐकणाऱ्याची बाजू निरोगी माणसाच्या हाती असते. दूरचित्रवाणीचा आवाज बंद करून त्याच्यासमोर बसणे, त्याचे वाक्य आपणच पुरे करण्याची घाई न करणे, 'हो' किंवा 'नाही'त उत्तर देता येईल असा प्रश्न विचारणे आणि तो श्वास घेण्यासाठी थांबला तर बोलणे संपले असे न समजणे, यांपैकी कशालाही पैसा लागत नाही. तो गप्प आहे म्हणजे त्याची संमती आहे असे गृहीत धरणे ही घराघरांतली सर्वांत मोठी चूक आहे.

जे घराला लागू तेच शाळा आणि कचेऱ्यांना. वाचादोषाला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे. पण तेथे कायमचे आणि ठरावीक स्वरूपाचे व्यंग अभिप्रेत आहे. सकाळी असणारा आणि दुपारी जाणारा आवाज कोणत्याही दाखल्यात सहज बसत नाही. म्हणून अशा प्रश्नांत नियमापेक्षा मुख्याध्यापकाचा आणि वरिष्ठ लिपिकाचा समजूतदारपणा अधिक कामाचा. दमेकरी शिक्षकाला सलग तीन तास न देता मध्ये एखादा मोकळा द्यावा. फळा कोरड्या डस्टरऐवजी ओल्या फडक्याने पुसावा. गळ्यात अडकवायचा छोटा ध्वनिवर्धक शाळेने घ्यावा. शाळेच्या स्नेहसंमेलनात एका संध्याकाळच्या कर्ण्यावर होणाऱ्या खर्चापुढे तो जड नाही. कारकुनाला खिडकीवरून उठवून पत्रव्यवहाराच्या मेजावर बसवता येते. ही दया नव्हे. अनुभवी माणूस कामावर टिकवण्याचा तो व्यवहार आहे.

राहता राहिला आरोग्यव्यवस्थेचा प्रश्न. वाचोपचारतज्ज्ञ आपल्याकडे आहेत; मुंबईत १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग संस्थेसारख्या ठिकाणी त्यांचे शिक्षणही होते. पण त्यांचा वावर प्रामुख्याने शहरांत आणि बहुधा लहान मुलांच्या व पक्षाघाताच्या रोग्यांच्या सेवेत असतो. छातीच्या रोग्याला त्यांच्याकडे धाडण्याची पद्धत रूढ झालेली नाही. ती जिल्हा रुग्णालयांत तरी रूढ व्हावी. गावपातळीवर मात्र तज्ज्ञाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही, आणि हे सिद्ध करून दाखवण्याचा मान खर्ड्याच्याच तालुक्याकडे जातो.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या स्त्रिया, त्यांतल्या कित्येक निरक्षर आणि कित्येक दलित समाजातल्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. बाळंतपण, अतिसार, कुपोषण, क्षय, कुष्ठरोग यांविषयीचे ज्ञान या स्त्रियांनी उंबऱ्यापर्यंत नेले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे डॉक्टर जामखेडची वाट विचारू लागले. डॉ. मेबल १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली गेले. पण त्यांनी शिकवलेला धडा कायम आहे. जे ज्ञान डॉक्टरच्या मेजावर अडून राहते ते शेजारीण सांगू शकते, आणि शेजारणीचे ऐकलेही जाते.

मीठ-साखरेचे पाणी कसे करावे हे ज्या मुलखात निरक्षर स्त्रियांनी घरोघर शिकवले, तेथे पंपानंतर चूळ भरावी हे आज आशा सेविकेला शिकवता येणार नाही काय? प्राथमिक आरोग्य केंद्रात पंपाबरोबर स्पेसर देण्यात यावा. औषध देणाऱ्याने रोग्याकडून पंप एकदा समोर वापरून घ्यावा. धाप किती, खोकला किती, या प्रश्नांच्या पुढे 'आवाज कसा आहे?' हा एक प्रश्न केसपेपरवर यावा आणि तीन आठवड्यांहून जुना घोगरेपणा दिसला की चिठ्ठी देऊन पुढे धाडावे. या मागण्या एवढ्या लहान आहेत, की त्या मान्य न होण्यास पैशाची सबब पुरणार नाही.

या उपायांनी प्रत्येकाचा आवाज पूर्ववत होईल असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. काहींचा सुधारेल, काहींचा तेवढाच राहील आणि काहींचा आजारासोबत क्षीण होत जाईल. पण आवाज क्षीण झाला म्हणजे माणसाचे सांगणे संपले असे नव्हे. आपल्या घरात, शेजारी, शिक्षकांच्या खोलीत किंवा पलीकडच्या मेजावर असा एखादा माणूस असेल तर आज त्याच्याजवळ जरा सरकून बसावे आणि त्याचे वाक्य संपेपर्यंत थांबावे. तो मघाशी "काही नाही" म्हणाला असेल, तर त्याला काय सांगायचे होते हे पुन्हा एकदा विचारावे.